पुस्तक रिकामं परत करू नये

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टारिंगपमध्ये कुणाच्या घरी काही वाईट घडलं तर 'काय झालं?' असं विचारायची पद्धत नाही. माणसं गुपचूप व्हरांड्यात भांडं ठेवून जातात. काचेचं भांडं, त्यात ट्यूना घातलेली मॅकरोनी, वरून चीज, आणि भांड्याच्या बुडाला जखमेवर लावतात ती चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने मालकिणीचं नाव. तुमचा नवरा जावो, गव्हावर गारा पडोत की पोराने मोटारसायकल खांबावर घालो, मॅकरोनी तीच. ती खायची, भांडं घासायचं आणि त्यात आपल्या घरचं काहीतरी घालून परत न्यायचं. रिकामं भांडं परत करणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचा आहे.

नाही म्हणायला एक होती, पण ती पर्थची. मर्ल हॉकरिजची सून नरेल. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने सासूचं मोठं भांडं परत केलं ते लख्ख घासलेलं, कोरडं पुसलेलं आणि रिकामं. पुढे नरेलचं आणि मर्लच्या गार्थचं बिनसलं, नरेल पर्थला परत गेली, गार्थ उत्तरेकडे लोखंडाच्या खाणीत नोकरीला लागला. गाव हळहळलं. मर्लचं एकच म्हणणं, "मला त्या भांड्यापासूनच कळलं होतं."

त्या दोघांची मुलगी टॅमसिन. पंधरा वर्षांची, आईजवळ पर्थला शिकणारी. ईस्टरच्या सुट्टीत आजीकडे आली आणि परत जायच्या दिवशी मागच्या खोलीत शिरून तिने दार लावून घेतलं. ते दार जेवणाच्या ताटापुरतं उघडे. शाळेतून फोन आला की ती वर्गात वाचत नाही, बोलत नाही, मग यायचीच बंद झाली. का, ते शाळेला माहीत नव्हतं, नरेलला नव्हतं आणि मर्लला तर नव्हतंच. फाटकाबाहेर पाऊल नाही. चांगली हसरीखेळती पोर, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं.

नरेलने फोनवर निर्वाणीचं सांगितलं. "सप्टेंबरच्या सुट्टीपर्यंत वाट बघते. तोवर ती घराबाहेर पडून कुठल्या का होईना शाळेत जायला तयार झाली नाही, तर मी येऊन घेऊन जाईन. मग रडो, ओरडो."

मर्लने फोन ठेवला आणि तिला जाणवलं की ही पोर गेली तर या घरात घड्याळाशिवाय कुणी बोलणारं राहणार नाही.

आरोग्य केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी फोनवरून सल्ला दिला, "मिसेस हॉकरिज, तिला अर्थपूर्ण पुस्तकं द्या." मर्ल औषध लिहून घ्यावं तसं ते मनात घोकत दुकानात गेली. आता मर्लचं वाचन म्हणजे बियाण्यांची यादी आणि महिला मंडळाचं पाककृतींचं पुस्तक. अर्थपूर्ण म्हणजे काय आणि ते कुठल्या फळीवर मिळतं, याचा तिला पत्ता नव्हता. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ? तिने गल्ल्यावरच्या डॉट प्रॉसरला सरळ विचारलं, "डॉट, घराबाहेर न पडणाऱ्या मुलीला कुठलं पुस्तक द्यावं?"

चूक एवढीच झाली की मागे रांगेत अर्धं गाव उभं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्लने दार उघडलं तर व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकं चहाच्या टॉवेलांत गुंडाळलेली, केकच्या डब्यांत घातलेली, एक तर गव्हाच्या पोत्यात. आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी, पट्टीवर नाव. पाद्रीबाबांनी आशेबद्दलचं पुस्तक दिलं होतं, ते इतकं जाड की आशा संपेल पण पुस्तक संपणार नाही. फुटबॉल क्लबने क्लबचा इतिहास पाठवला होता. डॉटची एक ठसठशीत कादंबरी होती. समोरच्या क्लॅरी टकवेलने मेंढ्यांच्या रोगांवरचं पुस्तक ठेवलं होतं, त्याला अजून लोकरीच्या तेलाचा वास येत होता. वर कुणीतरी सवयीने मॅकरोनीही ठेवून गेलं होतं.

दोन दिवसांनी पर्थहून नरेलचंही पुस्तक पोस्टाने आलं. पिवळंधमक, मुखपृष्ठावर हसरा सूर्य. पानाच्या वर एक ओळ आणि खाली आपल्या भावना लिहायला मोकळी जागा. निम्म्याहून जास्त पुस्तक रिकामं होतं. मर्लला नवल वाटलं नाही.

आता ही सगळी जशीच्या तशी पोरीला देणं मर्लला पटेना. मांस घेताना वास घेऊन बघतात, मग पुस्तक का नाही? तिने चष्मा चढवला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक पारखायला घेतलं. नियम तिचेच: पुस्तकात कुणी मरता कामा नये, घटस्फोट नको, शाळा नको, एकटेपणा नको, आणि आई तर मुळीच नको.

डॉटच्या कादंबरीत एक जहाज होतं. ते बुडतं की नाही हे कळेपर्यंत तव्यावरच्या चॉपचा कोळसा झाला. जहाज बुडालं, आत आई होती, कादंबरी बाद. आशेच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात लेखकाची बायको जाते, तेही बाद. क्लबच्या इतिहासात कुणी मरत नव्हतं, पण क्लब कधी जिंकतही नव्हता, वाचून धडधाकट माणूस खचला असता. असं करत करत गाळणीतून खाली एकच पुस्तक उरलं, मेंढ्यांच्या रोगांचं. त्यात मेंढ्या मरत होत्या, पण मर्लने तेवढं चालवून घेतलं. नरेलचंही पिवळं पुस्तक नाइलाजाने बरोबर ठेवलं, कारण रिकाम्या पानांत दोष काढायचा तरी कसा.

दोन्ही तिने जेवणाच्या ताटाबरोबर टॅमसिनच्या दाराशी ठेवली. ताट आत गेलं. पुस्तकं बाहेर राहिली. पुढचे कितीतरी दिवस तेच. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका सकाळी कुत्र्याला हाड टाकायला मर्ल व्हरांड्यात गेली आणि बाद पुस्तकांच्या ढिगाला अडखळून आशेवर आपटली. घोटा टम्म सुजला. नर्स येऊन पट्टी बांधून गेली. पाय स्टुलावर ठेवायचा आणि फिरायचं नाही, अशी ताकीद देऊन गेली.

एक बरं झालं, टॅमसिनला खोलीबाहेर यावं लागलं. ती टोस्ट भाजायला लागली, चहा करायला लागली, कुत्र्याला घालायला लागली. पण फाटकापाशी गेली की कुणीतरी दोरी ओढल्यासारखी मागे फिरायची.

आणि मर्लला वेगळीच काळजी पोखरायला लागली.

"टॅम, ती पुस्तकं परत करायला हवीत."

"तुझा पाय बरा झाला की कर."

"तोवर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. क्लॅरीचं पुस्तक कधीचं येऊन पडलंय. तो रोज समोरून हात करतो, मला मान वर करवत नाही."

"मग त्यांना फोन कर ना. येऊन घेऊन जातील."

"ज्याचं भांडं त्यालाच न्यायला बोलवायचं?" मर्लने स्टुलावरचा पायच खाली घेतला. "पर्थमध्ये करत असतील असं."

"नॅन," टॅमसिन आजीला म्हणाली, "ते भांडं नाहीये. पुस्तक आहे."

"पाठीवर पट्टी आहे की नाही? मग भांडंच."

टॅमसिनने पुस्तक उलटं करून पट्टी बघितली. तिचं अर्धं बालपण या घरात गेलेलं. आजोबा वारले तेव्हा घासलेल्या भांड्यांमध्ये मार्मलेडच्या बाटल्या ठेवून ती स्वतः दारोदार हिंडली होती. तिला कायदा पाठ होता.

"रिकामं कसं न्यायचं मग?" ती म्हणाली. "पुस्तकात काय घालणार, मार्मलेड?"

याचा मर्लने विचार केला नव्हता. "वाचून काय वाटलं ते सांगायचं. दुसरं काय. चाखल्याशिवाय भांडं परत करतं का कुणी?"

"म्हणजे मी हे सगळं वाचायचं?"

"सगळं नको. क्लॅरीचं वाच. त्यात कुणी रडत नाही."

मर्लने हा डाव टाकला होता, असं आमच्या गावात नंतर सांगितलं गेलं. साफ खोटं. तिला खरोखरच क्लॅरीच्या पुस्तकाची लाज वाटत होती. डाव टाकण्याइतकी अक्कल असती तर ती आशेवर आपटली नसती.

रविवारी दुपारी सगळं गाव रेडिओवर फुटबॉल ऐकत होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. टॅमसिनने स्वेटरची टोपी डोळ्यांपर्यंत ओढली, पुस्तक छातीशी धरलं आणि फाटक उघडलं. मर्ल व्हरांड्यातल्या खुर्चीत दोन्ही हात घट्ट धरून बसली. रस्ता तो केवढा, पण पोर तो ओलांडेपर्यंत मर्लने श्वास घेतला नाही.

क्लॅरी टकवेल कुंपणाला टेकून आपल्या चार मेंढ्यांकडे बघत होता. वय ऐंशीच्या पुढे, शेत मुलांना दिलेलं, पण मेंढ्यांशिवाय झोप लागत नाही म्हणून घरामागे या चार ठेवलेल्या. त्याचं कानातलं यंत्र ट्रकच्या खणात असायचं, कारण कानात घातलं की हरवतं असं त्याचं मत होतं.

टॅमसिन काहीतरी पुटपुटली.

"काय?" क्लॅरी म्हणाला.

"पुस्तक आणलंय."

"काय?"

"पुस्तक आणलंय परत. वाचलं मी."

हे मर्लला व्हरांड्यातून ऐकू आलं.

"मग? कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं आहे म्हणजे? पुस्तक बरं आहे का मेंढी बरी आहे?"

टॅमसिनने टोपी मागे सारली. "मी बाकीचीही थोडी थोडी चाळली. त्यांत कुणी खचलं की त्याला डोंगर दाखवतात. नाहीतर समुद्र. तुमच्या पुस्तकात मेंढी लंगडायला लागली तर लिहिलंय, आधी पाय उचलून बघा."

"मग काय तर," क्लॅरी म्हणाला. "मेंढीला समुद्र दाखवून काय करायचंय?" त्याने बोट केलं. "ती बघ, ती मागचा पाय टेकत नाहीये कालपासून. लंगडण्याचं पान काढ बरं. वाच. माझा चष्मा आत राहिलाय."

मर्लला शाळेचा फोन आठवला. वर्गात वाचत नाही. एवढं पुस्तक देऊन ये म्हटलं होतं, वाचायला कुठे सांगितलं होतं.

टॅमसिनने पान काढलं. वाचायला लागली, आणि दुसऱ्या ओळीवर थांबली. तिची मान खाली, पाठ ताठ, आता पुस्तक टाकून पळत येणार असं मर्लला वाटलं.

"ऐकू येत नाही," क्लॅरी म्हणाला. "परत वाच."

तिने परत वाचलं. परत अडली.

"पोरी, मी बहिरा आहे. मला घाई नाही. पहिल्यापासून घे, जरा जोरात."

तिचं कुठे अडलं, आवाज कुठे कापला, यातलं क्लॅरीला ओ की ठो कळत नव्हतं. त्याला सगळंच सारखं ऐकू येत नव्हतं. हे पोरीच्या लक्षात आलं असावं, कारण तिसऱ्या वेळी तिने पाय रोवले आणि जे वाचायला सुरुवात केली ते थेट पानाच्या खालपर्यंत. मेंढीच्या खुरात घाण कशी साठते, दोन बोटांमध्ये सूज कशी येते, तिला वास कसा येतो, सगळं अख्ख्या रस्त्याने ऐकलं. फुटबॉलच्या मध्येच हे काय लागलं म्हणून डॉट प्रॉसरने रेडिओ बंद केला आणि खिडकी उघडली.

क्लॅरीने मेंढी पकडून खाली बसवली, पाय उचलला, खुरात बोट घातलं आणि भलामोठा काटा काढून टॅमसिनला दाखवला. मग मेंढीला सोडून देत त्याने सहज विचारलं, "आणि तुझा कुठला पाय?"

टॅमसिन काहीतरी हळू बोलली.

"काय?"

ती परत बोलली.

"यंत्र ट्रकमध्ये आहे, पोरी. मोठ्याने."

"वर्गात मोठ्याने वाचताना माझा आवाज गेला," टॅमसिन ओरडली, "आणि सगळे हसले. बाई पण हसल्या."

डॉटच्या खिडकीत डॉट हलली नाही. मर्लचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्या न पाहिलेल्या बाईंच्या झिंज्या उपटाव्यात असंही वाटलं.

क्लॅरीने हातातला काटा निरखून पाहिला. "अस्सं," तो म्हणाला. "बराच आत गेला होता तर." मग म्हणाला, "आवाज गेलेला वाटत नाही मला. मला ऐकू आला म्हणजे पार धान्याच्या कोठारांपर्यंत गेला असणार. उद्या ये परत. दुसऱ्या मेंढीला पण काहीतरी झालंय."

"कुठल्या?"

"ते बघतो शोधून."

त्यानंतर पुस्तकं परत जायला लागली आणि एकही रिकामं गेलं नाही. टॅमसिनला खोटं बोलायची कला येत नव्हती. डॉटला तिने गल्ल्यावरच सांगितलं, "तुमच्या गोष्टीतल्या त्या बाईने सुरुवातीलाच नवऱ्याचं ऐकणं सोडलं असतं ना, तर जहाजावरचे सगळे वाचले असते." डॉट चटकन पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. तिने ती कादंबरी सोडतीत जिंकली होती आणि कधी उघडून पाहिली नव्हती. पाद्रीबाबांना पोरीने विचारलं की आशेला इतकी पानं का लागतात, त्यावर त्यांनी पुढचं प्रवचन निम्मं केलं, आणि सारं गाव टॅमसिनचं ऋणी झालं. पोर आपलं पुस्तक परत आणून काय बोलेल या धसक्याने लोक घाईघाईने आपापली पुस्तकं वाचायला लागले. मर्लचा घोटा बरा झाला होता, पण ती मुद्दाम लंगडत राहिली.

सप्टेंबरात मोहरीसारखी कनोलाची शेतं पिवळी झाली आणि नरेलची गाडी फाटकाशी थांबली. डिकीत रिकामी सूटकेस होती. टॅमसिन आईची वाट बघत पायरीवर बसली होती, मांडीवर पिवळं पुस्तक. त्याच्या पाठीवर तिने स्वतः चिकटपट्टी लावून 'नरेल' असं लिहिलं होतं.

मर्ल चहा ठेवते म्हणून आत गेली आणि किटली ओरडू नये म्हणून गॅस लावलाच नाही.

"हे तुझं," टॅमसिन म्हणाली. "वाचलं मी."

"उपयोग झाला?"

"नाही. पहिल्याच पानावर म्हणतात, आज तुम्हाला कसं वाटतंय ते तीन शब्दांत लिहा. मला तीन शब्दांत येत नाही."

मग नरेल पायरीवर बसल्याचा आवाज आला. "मग किती शब्दांत येतं?"

टॅमसिनने सांगितलं. या वेळी ओरडावं लागलं नाही. वर्ग, हसणं, दुसऱ्या दिवसाचं हसणं, मग मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात बसून खाल्लेला डबा. सांगून झाल्यावर नरेल रडत होती. "मला का नाही सांगितलंस गं?"

"तू विचारलं नाहीस. पुस्तक पाठवलंस."

एरवी हे वाक्य मर्लने वर्षभर गावात वाटलं असतं. पण स्वयंपाकघरात उभी असताना तिला स्वतःचा ढीग आठवला. एकाच छपराखाली राहून तिने तरी कुठे विचारलं होतं? ताटाबरोबर पुस्तकं ठेवली होती दाराशी. मर्लला स्वतःची लाज वाटली, आणि नरेलची पहिल्यांदाच कीव आली.

सूटकेस रिकामीच परत गेली. सुट्टी संपली की टॅमसिन इथल्या शाळेत जाणार, असं ठरलं. निघताना मर्लने नरेलच्या हातात लँबचा रस्सा भरलेलं मोठं भांडं दिलं. तेच ते जुनं. बुडाला नवी पट्टी, 'मर्ल'. दोघींनी त्या पट्टीकडे पाहिलं.

शाळा सुरू झाली. टॅमसिन जायला लागली, कधी तोंड पाडून, कधी बरी. भांड्याचा पत्ता नव्हता. मर्ल बोलून दाखवत नव्हती, पण पर्थहून येणारा मालाचा ट्रक दिसला की ती उगाच व्हरांडा झाडायला निघे.

शेवटी एका संध्याकाळी ट्रकवाल्याने खोकं आणून ठेवलं. आत भांडं, लख्ख घासलेलं, कोरडं पुसलेलं. मर्लने झाकण काढायच्या आधी देवाचं नाव घेतलं. आत एक जुनं, जाडजूड पुस्तक होतं, रद्दीच्या दुकानात शोधून काढल्यासारखं. गुरांचे रोग आणि त्यांवरील उपाय. पाठीवर पट्टी, 'नरेल'.

मर्लने दोष काढायला ते वरखाली फिरवून पाहिलं. "पट्टी वाकडी लावलीय," ती म्हणाली.

टॅमसिन शाळेच्या कपड्यांतच पुस्तक उघडून उभी होती. "नॅन, क्लॅरीकडे एकही गाय नाही."

"नसू दे. तो आणेल एखादी."

टॅमसिन हसली. मग पुस्तक मिटून तिने पाठीवरची पट्टी अंगठ्याने सरळ केली. "हे पण परत करावं लागेल ना? रिकामं नाही."

"हो."

"म्हणजे मलाच पर्थला जावं लागेल. वाचून काय वाटलं ते सांगायला."

मर्लने भांडं उचलून फळीवर ठेवलं, थोडं मागे सरकवलं, परत पुढे ओढलं. कायदा तिनेच शिकवला होता, आता मोडता कसा येणार?

"जावं लागेल," ती म्हणाली. "पण जाड आहे पुस्तक. घाई करू नकोस. एकेक पान नीट वाच."